मांडव, धूळवाफ आणि पुढच्या तीन आठवड्यांचे आभाळ

पत्र थोडक्यात असे आहे: "बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावात माझे सासर आहे आणि माहेर अथणी तालुक्यात. यजमान लष्करात असल्यामुळे घर, शेती आणि सासूबाईंचे औषधपाणी मीच पाहते. धाकट्या नणंदेचे लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात दारात मांडव घालून करायचे ठरले आहे. हळद आदल्या दिवशी आणि अक्षता गोरज मुहूर्तावर. लग्न आटोपले की धूळवाफ पेरणीची, म्हणजे कोरड्या रानात भात पेरण्याची घाई सुरू होईल. यंदा उन्हाळा सरासरीपेक्षा कडक राहणार, असे वर्तमानपत्रात वाचले. कात्रण सोबत जोडले आहे. मोबाइलमध्ये एका ठिकाणी लग्नाच्या दिवशी ३६ अंश आणि पाऊस दाखवतात, दुसऱ्या ठिकाणी ४० अंश आणि कोरडे. मराठी वाहिनीवरचा नकाशा कोल्हापूरला संपतो. कन्नड बातम्यांत 'उत्तर ओळनाडु' म्हणतात, त्यात आम्ही येतो की नाही तेच कळत नाही. वडील म्हणतात, तिकडे सध्या ४१ आहे; आमच्याकडे ३६. तरी उकाडा मला सासरीच जास्त जाणवतो. सासूबाई पंचांगातले पावसाच्या नक्षत्राचे वाहन पाहून सांगतात की पाऊस लवकर आहे. मी कोणाचे ऐकू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्राला उत्तर देताना सर्वांत आधी मोबाइलमधील त्या दोन आकड्यांचा निकाल लावतो. हे उत्तर मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लिहीत आहे, म्हणजे लग्नाला अजून तीन आठवडे आहेत, आणि तीन आठवड्यांनंतरच्या एका ठरावीक दिवशी एका ठरावीक गावात पाऊस पडेल की नाही, हे आज जगातील कोणत्याही यंत्रणेला सांगता येत नाही. हवेची चाल अशी आहे की आजच्या निरीक्षणातील लहानशी चूक रोज वाढत जाते आणि साधारण दोन आठवड्यांनंतर त्या दिवसापुरत्या अंदाजात काही अर्थ उरत नाही. तरीही मोबाइलमधील काही ॲप महिना-दीड महिना पुढच्या तारखांसमोर ढगाचे नाहीतर सूर्याचे चित्र काढून ठेवतात, कारण रिकामी चौकट कोणाला आवडत नाही. तेव्हा ३६ अंश खरे की ४० अंश खरे, हा प्रश्नच सध्या बाजूला ठेवावा. दोन्ही आकडे त्या दिवसाविषयी काहीही सांगत नाहीत.

आता नकाशाचा प्रश्न, जो सीमाभागातील आपणा सर्वांचाच आहे. 'उत्तर ओळनाडु' म्हणजे उत्तर आंतरिक कर्नाटक, हा भारतीय हवामान खात्याचा एक उपविभाग असून बेळगाव जिल्हा त्यातच मोडतो. विजापूर, बागलकोट, धारवाड, गदग यांच्यापासून थेट रायचूर, कलबुर्गी आणि बीदरपर्यंतचा मुलूख याच नावाखाली येतो. आपला अंदाज बेंगळुरूच्या हवामान केंद्रातून निघतो. मराठी वाहिन्या मात्र मुंबईच्या केंद्राचा अंदाज वाचून दाखवतात, म्हणून त्यांचा नकाशा कागल-गडहिंग्लज-चंदगडला येऊन थांबतो आणि पुढे कोरी पाटी दिसते. ज्या घरांत मराठी बातम्याच लागतात, त्या घरांना स्वतःच्या गावासाठी काढलेला इशारा अनेकदा कानावरच पडत नाही, ही तक्रार मी या सदरात पूर्वीही मांडली आहे. कन्नड बातमीपत्रातील चार शब्द ध्यानात ठेवले तरी काम भागते: 'गुडुगु सहित मळे' म्हणजे गडगडाटासह पाऊस, 'सिडिलु' म्हणजे कोसळणारी वीज, 'आलिकल्लु' म्हणजे गारा आणि 'बिसिगाळि' म्हणजे उष्णतेची लाट.

परंतु योग्य केंद्राचा अंदाज मिळाला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही. बेळगाव हा क्षेत्रफळाने कर्नाटकातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचा पसारा १३,४१५ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे गोव्याच्या साडेतीन पट, आणि जिल्ह्याच्या इशाऱ्याला एकच रंग दिला जातो. त्या एका पिवळ्या रंगात खानापूरचे जंगल येते, मलप्रभा उगम पावते ते कणकुंबी येते, आपले पश्चिम बेळगावचे भातशिवार येते आणि कृष्णाकाठापलीकडचा अथणीचा कोरडा माळही येतो. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, अथणीकडे त्याच्या निम्म्यानेही मुश्किलीने पडतो, आणि कणकुंबीचा आकडा मात्र काही हजारांत जातो. एवढी तफावत असलेल्या मुलखाला एक रंग पुरत नाही. म्हणून मी सर्वांना एकच युक्ती सांगतो: आपल्या गावाचा हवामानातील सख्खा शेजारी शोधून ठेवावा, मग तो सरहद्दीच्या कोणत्याही बाजूला असो. आपल्या सासरचा शेजारी चंदगड-आजरा हा पट्टा आहे, तर माहेरचा शेजारी जत आणि विजापूर. निपाणीकराने कागलकडे पाहावे. बेंगळुरूच्या बुलेटिनमध्ये जिल्ह्याला पिवळा रंग असेल आणि त्याच दिवशी मुंबई केंद्राने कोल्हापूरच्या घाट भागासाठी गडगडाटी पावसाचा इशारा दिला असेल, तर तो पिवळा रंग आपल्या अंगणासाठी आहे असे समजावे. कोल्हापूरला काहीच नसेल आणि विजापूरला इशारा असेल, तर वडिलांना फोन करावा.

वडिलांकडील ४१ आणि आपल्याकडील ३६ यांचे कोडे खरे तर फारसे अवघड नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि अथणी साडेपाचशेच्या आसपास. कोरड्या दुपारी शंभर मीटर उंचीमागे तापमान जवळजवळ एक अंशाने उतरते, म्हणजे दोन अंशांचा फरक उंचीनेच पडला. उरलेला फरक समुद्र पाडतो. आपल्या गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. दुपारनंतर तिकडची दमट, गार हवा घाट चढून वर येते आणि पारा पुढे जाऊ देत नाही. मात्र तीच हवा सोबत बाष्प आणते, त्यामुळे अंगावरचा घाम वाळत नाही आणि ३६ अंशांतही जीव कासावीस होतो. अथणीला समुद्र दुप्पट अंतरावर असल्यामुळे तिथली हवा कोरडी राहते. घाम निघताक्षणी उडून जातो, म्हणून ४१ अंशांत उकाडा कमी वाटतो, पण शरीरातील पाणी माणसाला न कळत संपत जाते. तेव्हा उकाडा जास्त कुठे, याचे उत्तर आपले खरे आहे, आणि धोका जास्त कुठे, या प्रश्नावर वडिलांनीही गाफील राहू नये.

आपण पाठवलेल्या कात्रणातील 'एप्रिल ते जून या काळात कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता' हे वाक्य कसे वाचायचे, तेही सांगतो. हवामान खाते उन्हाळ्याच्या तोंडावर हा हंगामी अंदाज जाहीर करते आणि त्यात तीन महिन्यांची सरासरी सांगितलेली असते. एखादा हंगाम सरासरीहून कमी, सरासरीइतका किंवा सरासरीहून जास्त तापण्याची शक्यता मुळात प्रत्येकी एक तृतीयांश धरतात. त्यातील 'जास्त'चे पारडे किती झुकले आहे, एवढेच तो नकाशा दाखवतो. तेथे पंचावन्न टक्के लिहिले असेल, तर सरासरीइतका किंवा त्याहून कमी तापण्याची पंचेचाळीस टक्के शक्यता शिल्लक आहे. शिवाय सरासरी चढी असलेल्या उन्हाळ्यातही मेमध्ये चार संध्याकाळी वळीव झोडपून जाऊ शकतो, किंबहुना तापलेली जमीन आणि समुद्राकडून आलेले बाष्प एकत्र आले की वळवाला बळच मिळते. बेळगावकडे वर्षातील सर्वांत तापलेला महिना बहुधा एप्रिल असतो. मे लागला की ढग आणि सरी यांमुळे दिवसाचे तापमान थोडे उतरते. म्हणजे लग्नासाठी आपल्याला उन्हापेक्षा संध्याकाळच्या आभाळाची चिंता अधिक करायला हवी, आणि कात्रणातील मथळा त्याविषयी अवाक्षर काढत नाही.

मग पाहायचे काय आणि केव्हा? दर गुरुवारी हवामान खाते पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढते. त्यात एका दिवसाचा अंदाज नसतो, तर अमुक आठवड्यात आपल्या उपविभागात पाऊस सरासरीपेक्षा जास्त की कमी, एवढाच कल असतो. लग्नाच्या आधीचे दोन गुरुवार आपण हा कल पाहावा. लग्नाचा आठवडा 'जास्त' दाखवला, तर मांडववाल्याशी बोलणे बदलावे लागेल, त्याचे पुढे सांगतो. त्यानंतर लग्नाला सहा-सात दिवस उरले की जिल्हानिहाय अंदाज कामाला येऊ लागतो. यजमान ५ तारखेला सुट्टीवर येणार असल्याचे आपण लिहिले आहे, ते अगदी वेळेवर आहे, कारण खरी माहिती त्याच सुमारास हाती येऊ लागेल. या अंदाजात शब्द नीट पाहावेत. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातील चारांपैकी फार तर एका ठिकाणी पाऊस, 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे तीन चतुर्थांशांपर्यंत. वळवाच्या दिवसांत बहुधा 'तुरळक ठिकाणी' हेच शब्द असतात, आणि उचगावात गारांचा सडा पडला तरी हिंडलग्यात रस्ता कोरडा, हा अनुभव आपल्याकडे सर्वांना आहे. हवामान खात्याने २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज करणारी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू केली. पूर्वी ही चौकट बारा किलोमीटरची होती. पण वळवाचा एक ढग पुष्कळदा सहा किलोमीटरच्या चौकटीतही मावून जातो, त्यामुळे कोणाच्या अंगणात पडेल हे आदल्या दिवशी सांगणे अजूनही कठीणच आहे.

लग्नाच्या दिवशी मात्र एक साधन उत्तम आहे. दर तीन तासांनी पुढील तीन तासांचा तात्काळ इशारा निघतो आणि तो रडारवरील ढग पाहून दिलेला असतो. आपल्या जवळचे डॉप्लर रडार पणजीला आहे. अंदाज बेंगळुरूचा, शेजार कोल्हापूरचा आणि रडार गोव्याचे, अशी आपली त्रिस्थळी यात्रा आहे! घरातील एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे दुपारी एकपासून ते रडारचित्र पाहण्याचे काम सोपवावे. वीज किती जवळ पडते आहे हे सांगणारे 'दामिनी' ॲपही त्याच्या मोबाइलमध्ये असू द्यावे.

आता मांडवाचे. मांडवाची चर्चा नेहमी ताडपत्री किती जाड यावर होते, आणि ती चुकीच्या बाजूने होते. वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब अशी सपाट बांधलेली ताडपत्री आपण डोळ्यांसमोर आणा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. अर्ध्या-पाऊण तासाच्या वळवात वीस मिलिमीटर पडला, तर त्या एका ताडपत्रीवर अकराशे लिटर पाणी, म्हणजे एक टनाहून अधिक वजन उतरते. ताडपत्रीला उतार नसेल, तर ते पाणी मधोमध झोळी करून साठते. मग कोणीतरी उत्साही पाहुणा खालून बांबूने ती झोळी उचलायला जातो आणि एका बाजूचे वासे निसटतात. माझ्या पुतणीच्या लग्नात नेमके हेच घडले. मांडववाला म्हणाला होता, "काही होत नाही साहेब, वीस वर्षं बांधतोय," आणि वाढप चालू असताना भाताच्या पातेल्यांवर ते सगळे पाणी कोसळले. कोणाला इजा झाली नाही, पण शेवटच्या दोन पंगती शेजारच्या शाळेच्या पडवीत बसवाव्या लागल्या. तेव्हा मांडववाल्याला जाडी विचारू नका, मधल्या खांबाची आणि कडेच्या खांबाची उंची विचारा. दोहोंत निदान पाच-सहा फुटांचा फरक हवा आणि पाणी पडण्याची बाजू स्वयंपाकाच्या चुलींकडे नसावी.

पाण्यापेक्षाही वारा वाईट. वळवाच्या इशाऱ्यात ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचा वारा लिहिलेला असतो, कधी ५० ते ६०. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे लक्षात घेतले म्हणजे रोजच्या वाऱ्यात पक्का वाटणारा मांडव सोसाट्यात का उडतो ते कळते. चारही कोपऱ्यांना जमिनीत खोल ठोकलेल्या खुंट्यांचे ताण हवेत. पडद्यासारख्या बाजूच्या कनाती मात्र सैल आणि पटकन सोडता येतील अशा असाव्यात, कारण चारही बाजू बंद असलेला मांडव शिडासारखा वारा धरतो. गुरुवारच्या अंदाजात तो आठवडा पावसाचा दिसला, तर कापडी मांडव रद्द करून लोखंडी कैचीचा पत्र्याचा मांडव सांगावा, किंवा गावातील मंदिराचे सभागृह त्या दिवसापुरते धरून ठेवावे. सभागृहाची अनामत वाया गेली तरी चालेल. चारशे माणसे चिखलात उभी करण्यापेक्षा ती स्वस्त पडते.

आणि गोरज मुहूर्त. ताई, हे लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, कारण मुहूर्त ही घराची आणि भटजींची बाब आहे. पण जमीन दिवसभर तापून हवा वर चढते, समुद्राकडील बाष्प येऊन मिळते आणि दुपारी तीन ते रात्री आठ या वेळेत ढग फुटतो, ही वळवाची रीतच आहे. गोरज मुहूर्त त्या वेळेच्या ऐन मध्यावर पडतो. मे महिन्यात उघड्यावरच्या कार्याला याहून नाजूक वेळ शोधून सापडणार नाही. त्याच दिवशी दुपारी बाराच्या आतला मुहूर्त निघत असेल, तर भटजींना अवश्य विचारावे. निघत नसेल, तर निदान जेवणावळ अक्षतांच्या आधी, दुपारीच उरकून घ्यावी आणि संध्याकाळी फक्त अक्षता ठेवाव्यात, म्हणजे पाऊस आलाच तर शंभर-दीडशे माणसे घरात आणि ओसरीवर सामावतील. हळद सकाळी लावायची असल्यामुळे तिची चिंता नाही. ती उन्हात होईल, सावलीची सोय करावी.

वीज चमकू लागली की मांडवातील माणसे कोठे जातील, हे आधीच ठरवून ठेवावे. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मनात आकडे मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेव्हा सर्वांनी पक्क्या घरात जायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. अंगणातील आंब्याखाली कोणालाही उभे राहू देऊ नये, आणि ध्वनिक्षेपकाचे व दिव्यांचे तारजंजाळ आधी बंद करावे.

सासूबाईंचे वय आपण ७८ लिहिले आहे आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. त्यांच्यासाठी 'उष्णतेची लाट' जाहीर होण्याची वाट पाहू नका. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश झाल्याशिवाय आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढल्याशिवाय लाट म्हणत नाहीत. पारा थेट ४५ वर गेला तर गोष्ट वेगळी. शिवाय हे उपविभागातील दोन तरी केंद्रांवर सलग दोन दिवस घडावे लागते. आपल्या भागात पारा ३८ वर असला तर कोणतीही घोषणा होणार नाही, पण हे तापमान सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजलेले असते. पत्र्याच्या खोलीत किंवा पाहुण्यांनी भरलेल्या माजघरात ते त्याहून बरेच चढलेले असते. लग्नघरात म्हातारी माणसे सकाळपासून नटून एका खुर्चीत बसतात आणि कोणाला त्रास नको म्हणून पाणीही मागत नाहीत, हे मी फार पाहिले आहे. एका नातीला त्यांच्याजवळ बसवून दर अर्ध्या तासाने ताक, आमसुलाचे सार किंवा पाणी देण्याचे काम द्यावे. बारा ते चार या वेळेत त्यांना कौलारू खोलीत आडवे होऊ द्यावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जाते, म्हणून उन्हाळ्यातील मात्रेविषयी डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवावे, मनाने गोळी बंद करू नये. बोलणे असंबद्ध झाले किंवा अंग तापून शुद्ध हरपू लागली, तर ओले कापड गुंडाळून वारा घालत १०८ ला फोन करावा. अशा वेळी तोंडात पाणी घालू नये.

धूळवाफेविषयी आपण एका ओळीत विचारले आहे, पण माझ्या मते पत्रातील सर्वांत महागाची चूक येथेच होऊ शकते. धूळवाफ म्हणजे कोरड्या धुळीत कुरीने भात पेरून पावसाची वाट पाहणे. माती अगदी कोरडी असेल तर बी आठ-पंधरा दिवस निजून राहते, मुंग्या आणि पाखरे नेतील तेवढेच नुकसान. माती पुरती भिजली तर ते उगवून वर येते. घात होतो तो अर्धवट ओलीने: दहा-पंधरा मिलिमीटरची एक सर येते, वरची दोन-तीन बोटे माती भिजते, बी फुगून कोंब काढते आणि पुढे दहा दिवस ऊन पडते. म्हणून रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते, तेवढ्यावर तारीख ठरवू नका. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला येतो आणि सगळे सुरळीत असेल तर आठवडाभरात आपल्याकडे पोहोचतो. मेच्या तिसऱ्या आणि चौथ्या गुरुवारच्या अंदाजात पुढचे दोन्ही आठवडे पावसाचे दिसले, तर पेरणी करावी. एकच आठवडा ओला आणि पुढचा कोरडा दिसला, तर थांबावे, किंवा अर्धे शिवार पेरून अर्धे ठेवावे.

याची उलट बाजू २०२५ ने दाखवली. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजीच केरळात आला आणि २६ मे रोजी मुंबईत. ज्यांनी कुळवणी मेअखेरीवर ढकलली होती, त्यांच्या शेतात धूळ उरलीच नव्हती आणि वाफसाही येईना. तेव्हा लग्नाच्या गडबडीत एक गोष्ट लांबवू नका: नांगरट आणि कुळवणी लग्नाआधीच उरकून रान तयार ठेवा, आणि रोपांसाठी पाण्याजवळचा एखादा गुंठा राखून ठेवा. धूळवाफ हुकली तर चिखल करून रोप लावण्याचा मार्ग तरी मोकळा राहील. वळवाची सर पडून गेली की किती पाऊस झाला हे मोजायला सरळ भिंतीचा स्टीलचा डबा अंगणात उघड्यावर ठेवावा आणि आतील पाणी पट्टीने मोजावे. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढे मिलिमीटर पाऊस. त्यानंतर शेतात खुरप्याने उकरून ओल किती बोटे गेली ते पाहावे. ही नोंद आपल्या शिवाराची असेल, बेळगावच्या सांब्रा विमानतळाची नव्हे. शेतीसाठीचा सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो व तो 'मेघदूत' ॲपवर येतो; तोही सोबत पाहत जावा.

वडिलांचा बेदाणा अजून शेडवर असेल, तर त्यांना एवढेच सांगा की जाळीवर टाकलेली द्राक्षे वाळायला दोन आठवडे लागतात आणि भरवशाचा अंदाज आठवडाभराचाच मिळतो. त्यामुळे उशिराचा माल टाकताना बाजूचे पडदे आधी बांधून घ्यावेत, आभाळ पाहून नव्हे.

सासूबाईंच्या पंचांगावर मी वाद घालणार नाही. नक्षत्राचे वाहन पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते आणि ते कणकुंबीला व अथणीला सारखेच लागू होते, एवढे पाहिले म्हणजे मांडवाच्या कामी ते किती उपयोगी पडेल हे आपल्याला कळेल. पण मे महिन्याच्या संध्याकाळी पश्चिमेकडून गार, मातीचा वास घेऊन वारा सुटला की "वाळवण उचला गं" म्हणून पहिली हाक त्यांचीच येत असणार, आणि ती हाक रडारच्या चित्राइतकीच खरी असते. ढगातून कोसळणारी गार हवा पावसाच्या पुढे धावते, म्हणून तो वारा आल्यावर हाताशी दहा-वीस मिनिटेच असतात. लग्नाच्या संध्याकाळी त्यांची खुर्ची ओसरीवर पश्चिमेकडे तोंड करून ठेवा, आणि त्यांनी हाक दिली की कनाती सोडायला कोण धावेल, त्या दोन पोरांची नावे आधीच ठरवून ठेवा.